पाचाडच्या वाड्याचे जोते



कामगारांच्या सभांतून बोलणाऱ्या माणसाने वाड्यावर व्याख्यान द्यावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. पण वाडा म्हणजे आधी बांधकाम, आणि बांधकाम म्हणजे कोणाचे तरी काम. आम्ही त्या बाजूने वाड्याकडे पाहतो.

महाडहून रायगडाकडे निघाले की पायथ्याशी पाचाड लागते. गडावरचा गार वारा उतारवयात जिजाबाईंना मानवेना, म्हणून शिवाजी महाराजांनी त्यांच्यासाठी येथे वाडा बांधला, असे सांगतात. आज तेथे दगडी तट आहे, चौथरे आहेत, पायऱ्या आहेत, विहिरी आहेत. छप्पर मात्र नाही.

असे का व्हावे? आपल्याकडच्या वाड्याचे खाली दगडी जोते, त्यावर लाकडी खांब, खांबांवर तुळया आणि वर उतरते छप्पर. दगड पावसाला भीत नाही. लाकडाचा जीव मात्र छपरात असतो. दरसाल छप्पर शाकारणारा हात नाहीसा झाला की तुळई कुजते, भिंत बसते आणि जोते तेवढे उरते. वर गडावर तर आगीनेच घास घेतला. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी राजवाडा जळाला.

त्याच इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन १६७४ च्या मे महिन्यात राज्याभिषेकासाठी आला होता. महाराज भवानीच्या दर्शनाला प्रतापगडावर गेले होते, म्हणून त्याला पाचाडलाच तळ ठोकून थांबावे लागले. ६ जूनला राज्याभिषेक झाला आणि १७ जूनला जिजाबाईंनी पाचाडात देह ठेवला. त्यांची समाधी तेथेच आहे.

या वकिलाच्या देशातही जुने वाडे होते. त्यांतला एक केंट परगण्यातल्या पेन्सहर्स्टचा. जॉन पुल्टनी नावाच्या धनिक व्यापाऱ्याने तो १३४१ च्या सुमारास बांधला. हा गृहस्थ चार वेळा लंडनचा नगराध्यक्ष झाला होता. वाड्यात एक उंच, प्रशस्त दालन आहे आणि त्याच्या ऐन मध्यावर जमिनीवरच शेकोटीची जागा आहे. अशा दालनात एका टोकाला धनी जेवायला बसे, खाली चाकरमाणसे बसत, आणि दुसऱ्या टोकापलीकडे स्वयंपाकघर व कोठी असे. गंमत अशी की, छपराच्या तुळयांखाली माणसाएवढ्या लाकडी आकृती कोरल्या आहेत, आणि त्या जहागिरीवरच्या कष्टकऱ्यांच्या आहेत असे मानतात. छपराचा भार कोण पेलतो, हे सुताराला ठाऊक होते म्हणायचे! १५५२ पासून हा वाडा सिडनी घराण्याकडे आहे. वाडा नांदता राहिला, म्हणून छप्परही राहिले.

पण वाडा नांदतो तो कोणाच्या जिवावर? त्या काळी तिकडे गावची जमीन धन्याची. कुळाने ठरल्या दिवशी धन्याच्या शेतावर फुकट राबायचे, आणि तंटा झाला तर निवाडाही धन्याच्याच दरबारात! १३८१ साली केंट आणि एसेक्सचे शेतकरी उठले, तेव्हा त्यांनी ठिकठिकाणी धन्यांची दप्तरे जाळली. त्यांची वेठ त्या दप्तरांत लिहिलेली होती.

हे ऐकून कोकणातल्या माणसाला खोताची आठवण होणारच. खोत सरकारात सारा भरी, कुळाकडून पिकाचा वाटा घेई, आणि वर वेठ! अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये संप पुकारला आणि तो १९३९ पर्यंत चालवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले, आणि १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला. कायदा झाला तो १९४९ साली. इंग्लंडातला धनी आणि कोकणातला खोत यांच्यात समुद्र आडवा होता, पण कुळाच्या पाठीवरचे ओझे एकाच जातीचे होते.

आता पुन्हा पाचाडला येऊ. वाड्यातल्या एका विहिरीला तक्क्याची विहीर म्हणतात, कारण तिच्या काठी टेकून बसायला दगडाचाच तक्क्या केलेला आहे. जिजाबाई तेथे बसून पाण्याला येणाऱ्या बायांची सुखदुःखे विचारीत, असे लोक पिढ्यानपिढ्या सांगत आले. आम्हांला सबंध वाड्यात हाच दगड मोलाचा वाटतो. तट माणसाला बाहेर ठेवण्यासाठी असतो. हा दगड माणसाशी बोलण्यासाठी आहे.

ही आठवण ज्या तालुक्याने जपली, त्याच तालुक्याच्या गावी, आपल्या महाडात, २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याच्या ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. सार्वजनिक पाणी सर्वांना खुले असल्याचा नगरपालिकेचा ठराव १९२४ चा होता. ठराव दप्तरात होता; पाण्यापर्यंत माणसांना चालत जावे लागले, आणि मारही खावा लागला. तेव्हा थोरांच्या आठवणी सांगणे सोपे, त्यांप्रमाणे पाणी देणे अवघड, हे आपल्या गावाइतके कोणाला कळणार?

रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचे नाव कोरलेले आहे. गड बांधणाऱ्या माणसाचे नाव तेथे पायरीवर का होईना, आहे. पण ज्याने दगड फोडला, ज्याने घडवला, ज्याने डोक्यावरून वाहिला, त्यांची नावे कोठेच नाहीत. त्यांची सही म्हणजे ते जोतेच.

म्हणून एकच विनंती. महाडचे असा की पोलादपूरचे, रायगडाला जाताना पाचाड मागे टाकून पुढे धावू नका. मुलांना घेऊन वाड्यात जा. तेथला चिरा हलवू नका, त्यावर नाव खरडू नका. जोत्यावर हात ठेवा आणि हे कोणी घडवले, हा प्रश्न मुलांनाच विचारू द्या.