हुप्प्या आणि कांदिवलीचा दगड



बोरीवलीच्या राष्ट्रीय उद्यानात शिरलं की दोन तऱ्हेची मंडळी भेटतात. डोक्यावर केसांची टोपी चढवल्यासारखं दिसणारं ते माकड, आणि काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं ते वानर. मराठीत शब्द दोन आहेत, आपण मात्र सगळ्यांना माकडच म्हणतो. वर त्यांना आपले पूर्वजही ठरवून टाकतो. खरं तर ही आपली फार लांबची भाऊबंद. वाटण्या होऊन अडीच-तीन कोटी वर्षं झाली.

मग त्यांना न्याहाळायचं कशाला? तर पूर्वजांची हाडं सापडली तरी त्यांच्या घरातला कारभार त्या हाडांत उमटत नाही म्हणून. वानरांच्या टोळीत बहुधा एकच हुप्प्या असतो. बाहेरचा नर त्याला हुसकावतो आणि कधी कधी टोळीतली तान्ही पिल्लं मारून टाकतो. जपानच्या युकिमारू सुगियामांनी धारवाडच्या रानात हे टिपलं, ते १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला. गर्दी झाली की नर पिसाळतात, असं तेव्हा वाटे. माउंट अबूच्या वानरांमागे वर्षानुवर्षं फिरलेल्या सारा हर्डींनी वेगळा हिशेब मांडला: पिल्लू गेलं की आई लवकर माजावर येते आणि नव्या हुप्प्याचा वंश सुरू होतो. माद्याही गप्प बसत नाहीत, पिल्लांसाठी त्याच्या अंगावर धावून जातात. हा हिशेब उचलून थेट माणसाला लावणारे मला धाडसी वाटतात. त्यासाठी चिंपांझी जवळचा, आणि तोही भाऊच.

आता आपल्या खऱ्या पूर्वजांच्या खुणांसाठी कांदिवली. तिथल्या मातीच्या थरांत के. आर. यू. टॉड या नौदल अधिकाऱ्याला अश्मयुगातली दगडी हत्यारं सापडली. १९३९ साली त्यांनी त्यावर निबंध छापला. पुढे पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलियांनी त्या हत्यारांचा फेरविचार केला. हत्यारं मिळाली, ती धरणारा हात मात्र मिळाला नाही. आपल्या पावसापाण्यात हाड टिकणं कठीण. त्यासाठी नर्मदेकाठी हथनोऱ्याला जावं लागतं; ५ डिसेंबर १९८२ रोजी अरुण सोनकियांना तिथे मानवी कवटीचा जीवाश्म गवसला. तोही अर्धाच.

वानरं मात्र दारात आहेत. रविवारी उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांना गेलात तर अर्धा तास नुसते बसा आणि बघा. फक्त वेफर्सची पिशवी घरीच ठेवा. खाऊ दिलात की समोर जे दिसतं, ती आपणच लावलेली सवय असते.