काळी ज्वारी : दोष कुणाचा?

(चाकण येथील बैठकीत केलेले भाषण)



आजूबाजूला मोटारींचे कारखाने. तुम्ही म्हणाल, इथं ज्वारीचं काय काम? काम आहे. भोसरी, पिंपरी, चाकणला राबणारी कितीतरी पोरं आपल्याच कोरडवाहू घरांतली आहेत. त्यांना भाकरी लागते. पण दुकानात ती पांढरी मालदांडी मागतात. आपली खरिपाची ज्वारी काळी पडली की ती माणसाच्या ताटात जात नाही, कोंबडीच्या खाद्याला नाहीतर दारूच्या कारखान्याला जाते. भावही तसाच मिळतो.

माझ्या वडिलांची ज्वारी एका बाजारात अशीच काळी निघाली. अडत्या म्हणाला, "म्हातारबा, खळ्यावर भिजवलीत." मी तेव्हा शेतकी कॉलेजात होतो. मीही घरी येऊन तेच म्हणालो. वडील गप्प बसले. पुढं पुस्तक नीट वाचलं तेव्हा कळलं, चूक म्हाताऱ्याची नव्हती.

ही कूज खळ्यावर सुरू होत नाही. ज्वारी निसवून फुलावर आली आणि पावसाची झड लागली की फ्युजारियम, कर्व्ह्युलेरिया या बुरशा फुलातच शिरतात. दाणा भरतो तशी ती आत वाढते. एक गुलाबी-पांढरी, दुसरी काळी. आपल्याला दिसते ती कापणीच्या वेळी.

असं फक्त आपल्याकडंच होतं असं नाही. इटलीच्या डोंगरांत चेस्टनटची झाडं आहेत. कवचाचं फळ, आत पिठूळ गर. तिथले गरीब लोक पूर्वी त्याच्या पिठावर हिवाळा काढत. ते फळ वरून चांगलं दिसतं आणि फोडलं की आत कुजलेलं निघतं. त्या बुरशीला २०१२ साली नाव मिळालं. तीही फुलातूनच शिरते.

मग आपल्या आजोबांची ज्वारी काळी का पडत नव्हती? जुने गावरान वाण लांब मुदतीचे. पाऊस सरता सरता निसवायचे, दाणा कोरड्या हवेत पिकायचा. १९६४ साली सीएसएच-१ हा संकरित वाण आला. साधारण शंभर दिवसांत तयार. उत्पन्न वाढलं, हे नाकारू नका. पण दाणा सप्टेंबरच्या पावसात सापडला. उशिरा पेरावी तर खोडमाशी खाते. वाण काढताना पोत्यांचा हिशेब झाला, दाण्याच्या रंगाचा झाला नाही. तो तोटा मात्र आपल्या पदरात पडला.

आता आपल्या हातात काय आहे ते सांगतो.

एक, बियाणं घेताना उत्पन्नाबरोबर विचारा : कणसावरच्या बुरशीला हा वाण किती टिकतो? सीएसएच-१६ सारखे वाण त्या मानानं बरे टिकतात.

दोन, दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की दाणा पक्का झाला. मग कणीस रानात ठेवून वजन वाढत नाही, बुरशी वाढते. कपाशीच्या वेचणीत माणसं अडकण्याआधी उघडीप बघून कणसं कापा, छपराखाली पातळ पसरून वाळवा. ढीग घालू नका.

तीन, काळा माल चांगल्यात मिसळू नका. सगळ्याचाच भाव जातो.

चार, फार बुरशी आलेला दाणा घरात खाऊ नका. १९९५ साली कर्नाटक आणि आंध्रच्या गावांत पावसात भिजलेली बुरशीची ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी आणि जुलाब झाले. फ्युमोनिसिन नावाचं विष त्यात सापडलं. गरीब माणूस विकता येत नाही ते खातो, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आणि बाजाराचं. काळ्या ज्वारीला पांढरीचा भाव द्या असं आपण म्हणत नाही. खोटं मागायचं नाही. पण मूठभर दाणे बघून नुसत्या नजरेनं भाव पाडणं बंद झालं पाहिजे. नमुना काढा, काळे दाणे मोजा, ओल मोजा, किती कापले ते पट्टीवर लिहा. ज्याचा माल त्याच्यासमोर मोजा.

माझ्या वडिलांकडं उत्तर नव्हतं, म्हणून ते गप्प बसले. तुमच्याकडं उत्तर आहे. येत्या हंगामात पट्टीवर लिहून घेतल्याशिवाय पोतं उतरवू नका.