कारभाऱ्यांचे धाडस

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. झोतभट्टी एकदा पेटली, की ती वर्षानुवर्षे अहोरात्र धगधगत ठेवावी लागते. खनिजाचे, कोकचे, चुनखडीचे प्रमाण थोडेफार बदलून पाहता येते. एखाद्या दिवशी लोखंड हिणकस निघाले, तर दुसऱ्या दिवशी ते सुधारता येते. परंतु आतला रस तळाशी गोठला, तर भट्टी पुन्हा चालू करणे हे महाकठीण काम होऊन बसते. कारखान्यात हयात घालवून स्मृतिनगरासारख्या वसाहतीत विसावलेल्या माणसाला हे निराळे सांगावे लागत नाही. जोखीम दोन प्रकारची असते, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. एक फसली, तर नुकसान होते. दुसरी फसली, तर भट्टीच विझते.

फुटबॉल संघाच्या कारभाऱ्यांनी किती धाडस करावे, या प्रश्नाचे उत्तर याच भेदात दडलेले आहे. कारभारी म्हणजे मैदानावरचे अकरा खेळाडू नव्हेत. कोणाला घ्यावे, कोणाला सोडावे, पगार किती द्यावा आणि पैसा कोठून आणावा, हे ठरविणारी ती कचेरीतील मंडळी. खेळाडूच्या धाडसाचा निकाल नव्वद मिनिटांत लागतो. कारभाऱ्यांच्या धाडसाचे देणे मात्र पुष्कळ वर्षांनी, आणि बहुधा दुसऱ्यालाच, फेडावे लागते.

इंग्लंडमधील लीड्स युनायटेड या संघाची कथा या बाबतीत उद्बोधक आहे. २००१ साली हा संघ युरोपच्या चॅम्पियन्स लीग स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला होता. यश असेच वाढत जाईल, या भरवशावर कारभाऱ्यांनी पुढील अनेक वर्षांच्या तिकीट-विक्रीचे उत्पन्न तारण ठेवून सहा कोटी पौंडांचे कर्ज उभारले. परंतु त्याच वर्षी देशांतर्गत स्पर्धेत लीड्स चौथा आला आणि चॅम्पियन्स लीगमधील पुढचा प्रवेश अवघ्या एका गुणाने हुकला. उत्पन्न आटले, कर्ज राहिले. एकेक करून उत्तम खेळाडू विकावे लागले. २००४ मध्ये संघ पहिल्या श्रेणीतून उतरला, २००७ मध्ये तिसऱ्या श्रेणीत गेला, आणि पुन्हा वर येण्यास २०२० साल उजाडले. चांगले खेळाडू घेणे हा काही गुन्हा नव्हे. चूक ही, की एका गुणाच्या फरकावर संपूर्ण संसार टांगून ठेवला गेला.

याउलट लेस्टर सिटीने २०१४ च्या जानेवारीत रियाद माहरेझ नावाचा फारसा कोणाला ठाऊक नसलेला खेळाडू फ्रान्समधील दुय्यम श्रेणीतून सुमारे साडेचार लाख पौंडांना घेतला. हेही धाडसच होते; पण तो अपयशी ठरला असता, तरी संघाचे दिवाळे निघाले नसते. २०१६ मध्ये लेस्टर इंग्लंडचा विजेता झाला, आणि २०१८ मध्ये तोच खेळाडू सुमारे सहा कोटी पौंडांना विकला गेला. लीड्सने जेवढे कर्ज काढले, तेवढे लेस्टरला एका खेळाडूने मिळवून दिले! अशा दहा प्रयत्नांपैकी नऊ फुकट गेले, तरी दहावा करता येतो. जे धाडस पुन्हा करता येते, तेच शहाणपणाचे.

आपल्याकडील संघांवर कर्जाचा असा डोंगर सहसा नसतो. येथे आश्रयदाता असतो. त्यामुळे जोखीमच नाही, असे वरवर भासते. वस्तुतः सारा भार एकाच खांबावर असणे, हीच मोठी जोखीम होय. मुंबईच्या महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली. पुढे शालेय फुटबॉलकडे लक्ष वळविण्याच्या विचाराने २०१० मध्ये कंपनीने हा संघ बंद केला. हेतू चांगला होता, आणि पैसाही तिचाच होता. परंतु संघ कंपनीच्या निर्णयावाचून एक दिवसही उभा राहू शकत नव्हता, हे त्याच दिवशी उघड झाले. पुण्याचा अनुभव तर याहून बोलका आहे. २०१४-१५ च्या हंगामात पुणे एफसी, भारत एफसी आणि एफसी पुणे सिटी असे वरच्या दर्जाचे तीन संघ बालेवाडीच्या मैदानावर खेळत होते. पुणे एफसी तर २०१२-१३ मध्ये आय-लीगचा उपविजेता ठरला होता. तरी त्या हंगामानंतर पहिले दोन संघ आय-लीगमधून गेले, आणि २०१९ मध्ये तिसऱ्याची जागा हैदराबादने घेतली. ज्या पोरांनी त्या मैदानाकडे पाहून बूट विकत घेतले होते, त्यांना या व्यवहारात कोणी विचारले नव्हते. पण त्याची किंमत त्यांनीच मोजली.

मग कारभाऱ्यांनी हात आखडून बसावे काय? तसेही नव्हे. जो संघ नवा खेळाडू पारखत नाही, तरुणाला संधी देत नाही, तो धोका टाळीत नसतो. केवळ लांबणीवर टाकीत असतो. गोव्याच्या धेंपो संघाचे उदाहरण येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळविणारा हा संघ २०१६ मध्ये, स्पर्धांच्या प्रस्तावित रचनेशी मतभेद झाल्यामुळे, साळगावकर व स्पोर्टिंग यांच्यासह आय-लीगमधून बाहेर पडला. परंतु धेंपोने खेळ सोडला नाही. गोव्याच्या स्थानिक लीगमध्ये तो खेळत राहिला, तरुण मुले घडवीत राहिला. आणि २०२४-२५ च्या हंगामात आय-लीगमध्ये परतला. त्याने झोत कमी केला, भट्टी विझू दिली नाही.

तात्पर्य, कारभाऱ्यांनी प्रत्येक धाडसापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. हा डाव फसला, तर पुढच्या हंगामात संघ मैदानावर उतरेल काय? नुकसान सोसणारा कोण — निर्णय घेणारा, की पगाराची वाट पाहणारा खेळाडू? आणि असेच धाडस पुन्हा करण्याइतकी शिल्लक गाठीशी उरेल काय? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर कारभाऱ्यांनी खुशाल मोठी उडी घ्यावी. भित्र्या संघाची आठवण कोणी ठेवीत नाही. ती तशी नसतील, तर कितीही भव्य बेत असो, त्याला धाडस म्हणू नये. ते दुसऱ्याच्या पदरचे द्रव्य लावून खेळलेले द्यूत होय.