किनाऱ्यावरची उन्हाळी पंगत

वैशाखांत नागांवच्या नारळी-पोफळीच्या वाडींत रात्रीची पंगत बसते, तेव्हां समुद्राचा वाराच पाहुण्यांचें पहिलें स्वागत करतो. केळीच्या पानावर तांदळाची भाकरी, माशाचें कालवण, अलिबागचा पांढरा कांदा आणि शेवटीं सोलकढी, एवढ्यानें पान भरतें.

मात्र पापलेट मागविणाऱ्या यजमानानें थोडा विचार करावा. त्याची घटती संख्या पाहून २०२३ सालीं महाराष्ट्रानें त्याला राज्यमासा ठरविलें. लहानसें पिल्लू स्वस्त मिळतें खरें; परंतु त्यानें एकदांहि अंडीं घातलेलीं नसतात. तें पानांत आलें, कीं पुढील पिढीच खुंटली. पाहुण्यांस मोठ्या माशाचा एकच तुकडा वाढावा. त्यानें आतिथ्य उणें होत नाहीं. दर्याचें देणें जपणाऱ्या यजमानाचीच पंगत पुढल्या वैशाखांतहि बसेल.