अनोळखी प्रणालीची निवड

पलंग विकत घेण्यापूर्वीं सुज्ञ गृहस्थ दाराची रुंदी मोजतो. १९९३ सालीं इयान मर्डॉक यांनीं आरंभिलेली ‘डेबियन’ ही संगणक-प्रणाली उतरवून घेतांनाहि प्रथम आपलें यंत्र ओळखावें. फाईलींच्या यादींत ‘एएमडी६४’ हें नांव पाहून इंटेलचा संगणक बाळगणारा बिचकतो. वस्तुतः ही ६४-बिट रचना एएमडी कंपनीनें प्रथम आंखली, एवढाच त्या नांवाचा अर्थ. इंटेलच्या आजच्या घरगुती संगणकांसहि तीच फाईल चालते. इंटरनेट भरवशाचें असल्यास ‘नेटइन्स्ट’ ही लहान फाईल पुरे. उरलेलें साहित्य ती मागाहून आणविते. तें नसल्यास डीव्हीडीची मोठी फाईल घ्यावी. शेवटीं, सोबत प्रसिद्ध होणाऱ्या ‘चेकसम’शीं फाईल ताडून पाहावी आणि घरच्या कागदपत्रांची प्रत अन्यत्र ठेवावी, डिस्क पुसल्यानंतरचा पश्चात्ताप निरुपयोगी होय.