टीव्हीवरील कापलेलें चित्र

मुंबई-गोवा महामार्गावर, बांद्याच्या अलीकडे, सावंतवाडी तालुक्यांत इन्सुली हें गांव आहे. चतुर्थीच्या दिवसांत चाकरमानी परतले, कीं कोंकणांतील इतर गांवांप्रमाणें येथील घरेंहि माणसांनीं भरून जातात. अशा एखाद्या घरांतील रात्रीचा प्रसंग डोळ्यांपुढें आणावा. आरती आटोपली आहे, जेवणें झालीं आहेत. गुडघ्यांच्या दुखण्यामुळें आईस अलीकडे जत्रेला जातां येत नाहीं. म्हणून गेल्या जत्रेंतील दशावतार तिला दाखवावा, या हेतूनें मुलानें आपला लॅपटॉप घरांतील टीव्हीस जोडला आहे. प्रथम पडद्यावर नुसता निळा प्रकाश दिसतो. मग चित्र येतें, तें अस्पष्ट आणि आडवें ताणलेलें. शेवटीं राजा प्रवेश करतो; परंतु त्याचा मुकुट पडद्याच्या वर कोठें तरी राहिला आहे, आणि पायपेटीचा सूर टीव्हींतून न येतां लॅपटॉपमधूनच क्षीणपणें ऐकूं येत आहे. आई विचारते, "अरे झिला, राजाचो मुकुट खंय गेलो?" त्यावर कोणी म्हणतो, टीव्ही जुना झाला, नवा घ्यावा, कोणी म्हणतो, लॅपटॉप बिघडला.

वस्तुतः अशा वेळीं दोहोंपैकीं कोणतेंच यंत्र बहुधा बिघडलेलें नसतें. दोष असतो तो त्यांच्या परस्पर-परिचयांत. लॅपटॉपचें कुळ कचेरींतील टेबलाचें. प्रत्येक अक्षर अगदीं कडेपर्यंत दिसलें पाहिजे, असा त्याचा आग्रह. टीव्हीचें कुळ प्रक्षेपणाचें. मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, तेव्हां टीव्हीचे संच कांचेच्या चित्रनळीचे असत. विजेचा दाब उतरला किंवा संचाचे भाग जुने झाले, कीं नळीवरील चित्र आकुंचन पावे आणि कडेला काळी पट्टी दिसूं लागे. ती दिसूं नये म्हणून कारखानदार चित्र चौकटीहून किंचित् मोठेंच ठेवीत; चित्राची कडा त्यामुळें झांकली जाई. कार्यक्रम तयार करणारेहि ही गोष्ट जाणून महत्त्वाचा मजकूर कडेपासून दूर ठेवीत. आजच्या सपाट पडद्यावर ठरावीक बिंदूच असतात. १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० बिंदूंचा पडदा सर्वत्र आढळतो. तेथें चित्र आकुंचन पावण्याची भीति उरलेली नाहीं. तथापि पुष्कळ संचांनीं ती जुनी संवय सोडलेली नाहीं. आणि राजाचा मुकुट नाहींसा होतो तो या संवयीमुळें.

ताणलेल्या चित्राचें कारण निराळें आहे. इन्सुलीचें नांव दूरदूरच्या मालमोटारचालकांस ठाऊक झालें तें तेथील तपासणी नाक्यामुळें. नाक्यावर गाडी पुढें जाण्यापूर्वीं कागद दाखवावे लागत. तसाच प्रकार या दोन यंत्रांतहि घडतो. केबल जोडतांच टीव्ही आपली ओळख लॅपटॉपकडे पाठवितो: माझी रुंदी इतके बिंदू, उंची इतके बिंदू, सेकंदाला इतकीं चित्रें मी घेऊं शकतों. ही पद्धत संगणकांच्या पडद्यांसाठीं १९९४ मध्यें ठरविण्यांत आली, आणि २००२ सालीं निघालेल्या एचडीएमआय जोडणीनें ती तशीच स्वीकारली. या जोडणीच्या १९ पिनांपैकीं दोन पिना हा निरोप पोंचविण्याचें काम करतात. केबल सैल बसली, तर कागद हातीं पडत नाहींत. लॅपटॉप अंदाजानें एखादें लहान माप निवडतो, आणि तें मोठ्या पडद्यावर ताणलें जाऊन अस्पष्ट होतें.

कारण कळलें, कीं उपायाचा क्रम आपोआप ठरतो. प्रथम केबल दोन्ही टोकांस नीट बसली आहे ना, हें पाहावें. टीव्हीच्या मागें अशीं दोन-तीन छिद्रें असतात. केबल ज्या छिद्रांत असेल, त्याच क्रमांकाचा सोर्स रिमोटनें निवडावा. निळा किंवा काळा पडदा पुष्कळदां एवढ्यानेंच नाहींसा होतो. न झाल्यास लॅपटॉपवर विंडोजचें बटण दाबून धरून पी हें अक्षर दाबावें. जे पर्याय पुढें येतात, त्यांतील 'डुप्लिकेट' म्हणजे दोन्हीकडे एकच चित्र, आणि 'एक्स्टेंड' म्हणजे टीव्ही हा लॅपटॉपच्या शेजारचा दुसरा, वेगळा पडदा. 'एक्स्टेंड' लागलेलें असल्यास टीव्हीवर नुसतें पार्श्वभूमीचें चित्र दिसतें आणि चालू असलेलें नाटक लॅपटॉपवरच राहतें. यांत बिघाड कांहींच नसतो. 'डुप्लिकेट'मध्यें मात्र दोन्ही पडद्यांना एकच माप पत्करावें लागतें. म्हणून एकत्र बसून पाहावयाचें असेल तेव्हां 'सेकंड स्क्रीन ओन्ली' हा पर्याय अधिक चांगला.

त्यानंतर लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्यें रिझोल्यूशन, म्हणजे बिंदूंचें माप, शिफारस केलेलेंच ठेवावें. चित्र अधूनमधून नाहींसें होत असेल, तर सेकंदाला ६० ऐवजीं ३० चित्रें करून पाहावें. ३८४० गुणिले २१६० बिंदूंच्या पडद्यावर जुन्या केबलला ६० चित्रांचा भार पेलत नाहीं. कडा कापल्या जात असतील, तर उपाय लॅपटॉपवर शोधूं नये. टीव्हीच्या रिमोटनें चित्राच्या आकाराचें सदर उघडावें, आणि 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' अशा नांवाचा पर्याय निवडावा. नांव संचागणिक बदलतें. अर्थ एकच, कीं चित्र वाढवूं नये.

संकासुराचा काळा वेष राखी दिसूं लागल्यास तोहि गैरसमजाचाच प्रकार समजावा. संगणक काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा ० ते २५५ अशा मोजतो. टीव्हीची परंपरा १६ ते २३५ अशी आहे. दोन्हीकडे एकच मोजणी ठेवली, कीं काळें काळें दिसतें. आवाजासाठीं लॅपटॉपच्या ध्वनीच्या चिन्हावर जाऊन टीव्हीचें नांव निवडणें पुरें. जुन्या १५ पिनांच्या व्हीजीए केबलमधून मात्र आवाज जातच नाहीं. तेथें वेगळी तार लागते. एखादा विकतचा चित्रपट तेवढा काळा दिसून बाकी सारें नीट दिसत असेल, तर तो बहुधा नक्कल-प्रतिबंधक कुलुपाचा परिणाम असतो. मधला जोड काढून केबल सरळ लावून पाहावी.

हे सर्व उपाय करूनहि चित्र न आलें, तर दुसरी केबल आणि दुसरा टीव्ही यांवर लॅपटॉपची परीक्षा घ्यावी, आणि मगच दुरुस्तीचा विचार करावा. क्रम न पाळतां दहा बटणें एकदम दाबलीं, तर कोणत्या बटणानें काय झालें हें कळत नाहीं. आणि या गोंधळांतच चांगला चालता संच मोडीत निघतो.

इन्सुलीच्या त्या घरांत मुलानें केबल नीट बसविली, माप सुधारलें, आणि शेवटीं रिमोटनें चित्राचा आकार बदलला. खर्च एका पैचाहि झाला नाहीं. राजा सभेंत उभा होता. या वेळीं मुकुटासह. आई थोडी पुढें सरकून म्हणाली, "हां, आता दिसता," आणि पायपेटीचा सूर घरभर ऐकूं येऊं लागला.