काशीच्या गल्ल्यांत एकटे
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आपल्यातील काही मंडळी यंदा काशीयात्रेस निघत आहेत, तेव्हा अनोळखी नगरीत एकट्याने कसे हिंडावे यावर आम्ही दोन शब्द बोलावे, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. आम्ही तेथे वाट चुकलो होतो, एवढाच आमचा अधिकार.

२०२३ च्या कार्तिकात आम्ही उभयता दुर्गाघाटाजवळ उतरलो होतो. मंदिरात मोबाईल नेऊ देत नाहीत म्हणून सकाळी तो खोलीवर ठेविला, तो तेथेच राहिला. दुपारी 'पाय मोकळे करून येतो' एवढेच सांगून आम्ही बाहेर पडलो. उतरण्याच्या जागेचा पत्ताही लिहून घेतला नाही. आयुष्यभर मुलांना भूगोल शिकविणाऱ्यास पत्ता कशाला हवा?

२०२१ मध्ये विश्वनाथ धामाचे प्रशस्त आवार झाले; परंतु त्याच्या उत्तरेकडील गल्ल्या जुन्याच आहेत. चार वळणांत आमची दिशा हरपली. तोच एक सभ्य गृहस्थ आपण होऊन पुढे आला आणि 'मणिकर्णिका वरून पाहा' म्हणून आम्हांस एका घराच्या माडीवर घेऊन गेला. तेथे निराधारांच्या सरणाच्या लाकडांसाठी दान मागू लागला. आम्ही पाचशे रुपये दिले. मग आणखी मागणी झाली, आणि जिन्याशी दोघेजण येऊन उभे राहिले. खिशात होते ते सारे, दोन हजार रुपये, आम्ही देऊन टाकले. ते दान नव्हे. ती भीती होती.

म्हणून सांगतो: आपण होऊन वाट दाखविणाऱ्यामागे जाऊ नये, दुकानात बसलेल्या माणसास आपण विचारावे. परक्याबरोबर जिना चढू नये. पैसे दोन ठिकाणी ठेवावे, पत्त्याचा कागद अंगावर असावा, आणि अडचणीत ११२ हा क्रमांक फिरवावा.

आम्हांस वाट सांगितली ती एका फुलवाल्या म्हातारीने. 'नीचे उतरते जाइए, गंगाजी मिल जाएँगी.' भूगोल तिला अधिक येत होता! काशीस गंगा उत्तरवाहिनी आहे आणि ही वस्ती पश्चिम तीरावर. नदी उजव्या हातास ठेवून चालले की आपण उत्तरेस जातो. घाटांची नावे भिंतींवर रंगविलेली आहेत. शिंदे घाट, भोसले घाट, पंचगंगा वाचीत आम्ही दिवेलागणीस दुर्गाघाटी पोहोचलो. पावसाळ्यात मात्र पायऱ्या पाण्याखाली जातात. तेव्हा हा मार्ग नाही.

आमचे कुटुंब दारातच उभे होते. शेजारच्या दोन माणसांना शोधास धाडून झाले होते. 'अहो, कुठं जाता ते सांगून तरी जायचं!' एवढेच ती म्हणाली, आणि आत गेली. रात्री ती जेवली नाही.

त्या दोन हजारांची गोष्ट आम्ही तिला सांगितली नव्हती. ती आज पहिल्या रांगेत बसली आहे. तिने ती आत्ताच ऐकली.